बोटाचं रक्त की शिरेचं: एचआयव्ही रॅपिड टेस्टचा भरवसा कशावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धोक्याचा संबंध येऊन साडेचार आठवडे झाले असताना तुम्ही एका आरोग्य शिबिरात बोट टोचून एचआयव्हीची रॅपिड टेस्ट करून घेतली आणि ती नॉन-रिअॅक्टिव्ह आली. नंतर ओळखीचा लॅबवाला म्हणाला, "बोटाच्या रक्तावरचं काही खरं नसतं, शिरेतून रक्त काढून सीरमवर केली तरच पक्की." मित्राने तिसरंच सुचवलं, की हिरड्यांवरून फिरवायची किट ऑनलाइन मागव, घरच्या घरी होऊन जाईल. आता यातलं खरं काय, आणि हातात असलेला निगेटिव्ह रिपोर्ट धरायचा की सोडायचा?

मी मायक्रोबायोलॉजीची. बरीच वर्षं सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या प्रयोगशाळेत काम केलं, आता एका खासगी लॅबची जबाबदारी सांभाळते. हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, आणि विचारणाऱ्याची रात्रीची झोप उडालेली असते हेही मला माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. एक, नमुना बदलला की टेस्टची अचूकता बदलते का. दुसरा, साडेचार आठवड्यांनी केलेल्या टेस्टवर, ती कुठल्याही नमुन्यावर केलेली असो, किती विसंबायचं. तुमच्यापुरता दुसरा जास्त वजनाचा आहे. पण पहिला समजला नाही तर दुसऱ्याचं उत्तर पटणार नाही, म्हणून नमुन्यापासूनच सुरुवात करू.

साध्या रॅपिड टेस्टला विषाणू दिसत नाही. विषाणूविरुद्ध आपल्या शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी तिला दिसतात, आणि त्या असतात रक्तातल्या पातळ पिवळसर भागात. रक्त गोठू देऊन मशीनमध्ये फिरवलं की वर राहतं ते सीरम. न गोठण्याचं औषध असलेल्या नळीत घेऊन फिरवलं की वर येतो तो प्लाझ्मा. अँटिबॉडीच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारखेच. बोटातून थेंब घेतो तेव्हा मात्र पेशींसकट सगळं रक्त पट्टीवर जातं. त्याला आम्ही होल ब्लड म्हणतो. निरोगी पुरुषाच्या रक्तातली साधारण ४५ टक्के जागा लाल पेशींनी अडवलेली असते आणि त्या पेशींचा या टेस्टला काही उपयोग नसतो. रसवंतीत बर्फ घालून दिलेल्या ग्लासात रस कमी मावतो, तसंच हे. ५० मायक्रोलिटर सीरम टाकलं तर सगळंच्या सगळं कामाचं. तेवढंच होल ब्लड टाकलं तर कामाचा भाग सत्तावीस-अठ्ठावीस मायक्रोलिटरच.

किट बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतंच, पण प्रत्येकजण ते वेगळ्या रीतीने हाताळतो. डिटरमाइन ही जगभर वापरली जाणारी पट्टी घ्या. तिला सीरम असो, प्लाझ्मा असो की होल ब्लड असो, ५० मायक्रोलिटरच लागतं. होल ब्लड असेल तर मिनिटभराने वरून बफरचा, म्हणजे किटसोबत येणाऱ्या द्रवाचा एक थेंब टाकायचा, एवढाच फरक. उलट एसडी बायोलाइनच्या ३.० किटमध्ये सीरम किंवा प्लाझ्मा १० मायक्रोलिटर आणि होल ब्लड २० मायक्रोलिटर सांगितलंय, म्हणजे पेशींनी अडवलेली जागा आधीच भरून काढलीय. म्हणूनच "रॅपिड टेस्ट बोटाच्या रक्तावर कमी अचूक असते का?" याला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. कोणती किट, कोणत्या नमुन्यासाठी तपासून मान्य झालेली, आणि त्या नमुन्याचं किती माप टाकलं, हे विचारावं लागतं. किटच्या माहितीपत्रकात जो नमुना लिहिलेला नाही त्यावर ती चालवली, तर आलेल्या निकालाला कोणीच जबाबदार नाही.

आता मुद्द्याचं. प्लाझ्मा निम्मा झाला म्हणून निकाल बदलतो का? ज्यांना संसर्ग होऊन काही महिने झालेत आणि औषधं सुरू नाहीत, त्यांच्या बाबतीत नाही. अशा माणसाच्या रक्तात अँटिबॉडी इतक्या असतात की सीरम शेकडो पट पातळ केलं तरी पट्टीवर पॉझिटिव्हची रेघ उमटते. तिथे निम्म्याने काय बिघडणार? चांगल्या किट नीट वापरल्या तर होल ब्लड आणि सीरम यांचे निकाल जुळतात, आणि खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांत, शिबिरांत, प्रसूतीगृहांत बोट टोचून तपासणी करण्याची पद्धत त्याच आधारावर उभी आहे. तुमच्या लॅबवाल्याचं "काही खरं नसतं" हे वाक्य म्हणूनच मला मान्य नाही. असं ऐकून लोक शिबिरात तपासून घ्यायचंच सोडून देतात, आणि त्याचं नुकसान फार मोठं आहे.

फरक पडतो तो काठावरच्या माणसांत, जिथे अँटिबॉडी मुळातच थोड्या आहेत. यातला सगळ्यात मोठा गट म्हणजे नुकताच संसर्ग झालेले. शरीराला अँटिबॉडी तयार करायला काही आठवडे लागतात, आणि त्या रोज थोड्याथोड्या वाढत जातात. त्या चढणीवर एक टप्पा असा येतो की शिरेच्या रक्तातल्या प्लाझ्मावर टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि त्याच माणसाच्या बोटाच्या थेंबावर अजून येत नाही. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने दिलेल्या अंदाजात हे स्पष्ट दिसतं. पी-२४ अँटिजेन (विषाणूचंच एक प्रथिन) आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतली टेस्ट शिरेच्या रक्तावर केली तर संसर्ग सहसा १८ ते ४५ दिवसांत पकडते. त्याच जातीची रॅपिड टेस्ट बोटाच्या रक्तावर केली तर १८ ते ९० दिवस. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्ट, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक रॅपिड किट, २३ ते ९० दिवस. ही टोकं बघा. लवकरात लवकरचा दिवस जवळपास तोच आहे. लांबतं ते पलीकडचं टोक, म्हणजे ज्यांची अँटिबॉडी हळू वाढते ते लोक. तुम्ही त्यांतले आहात की नाही हे आधी सांगायला कोणतीही टेस्ट नाही, म्हणून सल्ला नेहमी पलीकडचं टोक धरूनच द्यावा लागतो.

पी-२४ बद्दल एक सांगून ठेवते, कारण हल्ली ही दोन्ही शोधणारी किट "फोर्थ जनरेशन रॅपिड" म्हणून विकली जाते आणि लोकांना वाटतं आता वाट बघायला नको. कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात बोटाच्या रक्तावर तिचा अँटिजेनचा भाग बराच दुबळा पडतो. पी-२४ काही दिवसच वर असतो, प्रमाणाने थोडा असतो, आणि अशा वेळी निम्मा प्लाझ्मा फार महागात पडतो. लवकर निदान हवं असेल तर फोर्थ जनरेशनची मशीनवर होणारी एलायझा किंवा सीएलआयए टेस्ट, शिरेच्या रक्तावर, मोठ्या लॅबमध्ये. इथे तुमच्या लॅबवाल्याच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त त्याने ते चुकीच्या कारणासाठी सांगितलं.

काठावरचा दुसरा गट म्हणजे औषधांवर असलेले. संसर्ग झाल्याझाल्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं सुरू झाली तर अँटिबॉडी पूर्ण वाढतच नाहीत. संसर्ग टाळण्यासाठी पीआरईपीच्या गोळ्या घेत असताना संसर्ग झाला तर त्या उशिराने आणि अर्धवट येतात. फार पुढे गेलेल्या आजारातही क्वचित अँटिबॉडी घटतात. अशा लोकांत बोटाच्या रक्तावर पुसट रेघ आणि हिरड्यांच्या नमुन्यावर काहीच नाही, असं होऊ शकतं. म्हणून एआरटीवर असलेल्या कोणीही घरी रॅपिड किट आणून "आता निगेटिव्ह झालो का" हे बघू नये. रेघ आली नाही म्हणजे विषाणू गेला असं नाही. "एचआयव्ही मुळापासून बरा करतो" म्हणून सांगणारे असेच कागद दाखवतात आणि माणसं चालू औषध सोडतात. ते बघून मला फार त्रास होतो. औषध काम करतंय का हे व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याच्या मोजणीवरून कळतं, रॅपिडवरून नाही.

तान्ह्या बाळांचंही इथेच सांगते. आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात उतरलेल्या असतात, त्यामुळे अठरा महिन्यांच्या आत रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती आईची की बाळाची हे ठरत नाही. त्यांच्यासाठी टाचेतून रक्त घेऊन ते कागदावर वाळवून पीसीआरला, म्हणजे थेट विषाणू शोधणाऱ्या टेस्टला पाठवतात, सहा आठवड्यांपासून.

आता मी जिथे वर्षानुवर्षं बघत आले ती गोष्ट. बोटाच्या रक्तावरचे चुकलेले निकाल बहुतेक वेळा हाताने चुकलेले असतात. शिबिरात रांग लागलेली असते, थंडीत बोटं गार पडलेली असतात, शेतात काम करणाऱ्याच्या बोटाची कातडी जाड असते. टोचलं की थेंब येतो तो बारीक. मग बोट पिळलं जातं. पिळल्यावर रक्ताबरोबर पेशींच्या मधलं पाणी बाहेर येतं आणि नमुना पातळ होतो. जोरात पिळलं तर लाल पेशी फुटतात आणि पट्टीची पांढरी खिडकी गुलाबी होऊन बसते, पुसट रेघ त्यात दिसत नाही. स्पिरिट वाळायच्या आधी टोचलं तर स्पिरिट रक्तात मिसळतं. बारीक नळीत रक्त खूणरेषेपर्यंत चढलेलं नसतं किंवा मध्ये हवेचा बुडबुडा असतो, आणि तेवढंच पट्टीवर टाकलं जातं. रेषेला पाच मिलिमीटर कमी पडले, काय झालं? आधीच निम्मा असलेला प्लाझ्मा आणखी घटला, एवढं झालं. जुन्या संसर्गात खपून जाईल, चौथ्या आठवड्यात खपणार नाही.

नीट घ्यायचं तर हात खाली सोडून, चोळून गरम करायचा. मधलं किंवा अनामिका बोट, टोकाच्या मध्यावर न टोचता जरा बाजूला. स्पिरिट वाळू द्यायचं. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा आणि दुसरा थेंब आपोआप फुगू द्यायचा. नळी आडवी टेकवली की रक्त स्वतःच चढतं, ओढायला लागत नाही. बफरची बाटली सरळ उभी धरायची, तिरकी धरली तर थेंब लहान पडतो. आणि बफर त्याच किटचा, त्याच बॅचचा. शेजारच्या डब्यातला नाही.

पट्टीवर टेस्टच्या रेघेशेजारी जी कंट्रोल रेघ असते, तिच्याबद्दल एक गैरसमज तर लॅबमध्ये काम करणाऱ्यांतही आहे. कंट्रोलची रेघ आली म्हणजे टेस्ट व्यवस्थित झाली, असं मानतात. बऱ्याच किटमध्ये ती रेघ एवढंच सांगते की द्रव पट्टीच्या टोकापर्यंत वाहत गेला आणि रसायनं जिवंत आहेत. नमुना पुरेसा पडला का, किंबहुना पडला का, हे ती सांगत नाही. नुसता बफर टाकला तरी ती उमटते. काही किटमध्ये कंट्रोल रेघ माणसाच्या अँटिबॉडीलाच पकडते, तिथे नमुना नसेल तर ती येत नाही. ती पद्धत मला जास्त विश्वासाची वाटते. तुमच्या शिबिरातली कोणती होती हे रिपोर्टवर किटचं नाव असेल तर कळेल. आपल्याकडे ते बहुतेकदा लिहिलेलं असतं.

वेळही तितकीच महत्त्वाची. पंधरा मिनिटं सांगितली असतील आणि पाचव्या मिनिटाला वाचलं, तर पुसट रेघ सुटते. फार उशिरा वाचलं, तर पट्टी वाळताना राखाडी सावली उमटते आणि ती रेघ समजली जाते. होल ब्लडवर हे जास्त होतं, कारण पेशी मागाहून सरकत पुढे येतात. शिवाय बहुतेक किटवर २ ते ३० अंश तापमानात ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपुराकडे गाडीच्या डिकीत दिवसभर पडलेल्या डब्याचं काय होत असेल, याचा विचार शिबिर भरवणाऱ्याने करायला हवा.

म्हणून शिरेचं रक्त आपोआप चांगलं, असं समजू नका. त्याचे घोळ वेगळे असतात. सीरमची घाई केली, रक्त पुरतं गोठायच्या आत फिरवलं, तर सीरममध्ये फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठताना होणाऱ्या प्रथिनाचे धागे राहतात. पिपेट उचलली की टोकाला जेलीसारखा तंतू लोंबताना दिसतो. तो पट्टीच्या तोंडाशी बसला की प्रवाह अडतो, किंवा रेघेसारखा डाग उठतो. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिन, वॉरफरिनवर असलेल्या रुग्णांत हे हमखास, त्यांचा नमुना प्लाझ्माच्याच नळीत घ्यायचा. नळ्यांचंही तेच. जांभळ्या टोपीची ईडीटीएची नळी बहुतेक किटना चालते. निळ्या टोपीच्या सायट्रेटच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो. नुसत्या प्लाझ्माचा हिशेब केला तर तो साधारण सहाव्या हिश्शाने पातळ होतो. साखर तपासायच्या राखाडी टोपीच्या नळीत उरलेल्या रक्तावर एचआयव्ही उरकण्याची सवय मी काही ठिकाणी पाहिली आहे. किटच्या पत्रकात ती नळी नसेल तर तो निकाल धरू नये. फुटलेल्या पेशींचं लालभडक सीरम, जेवून लगेच आलेल्याचं दुधाळ सीरम, खूप वेळा गोठवून वितळवलेलं सीरम, या सगळ्यांत रेघ फसवी येऊ शकते. होल ब्लड तर फ्रीझरमध्ये ठेवायचंच नाही, पेशी फुटतात.

काही किटना होल ब्लड चालतच नाही. ट्रायडॉटसारख्या, ज्यात नमुना पडद्यातून खाली झिरपतो आणि वर ठिपके उमटतात, त्यांना सीरम किंवा प्लाझ्माच लागतो. पेशी पडद्यावर अडकतात, सगळं लाल होतं, ठिपका दिसणार कुठे? आडव्या पट्टीच्या किटमध्ये नमुन्याच्या खिडकीखाली पेशी अडवणारा पॅड असतो, म्हणून तिथे होल ब्लड चालतं.

राहिली हिरड्यांची किट. तिला लोक लाळेची टेस्ट म्हणतात. खरं तर ती काडी हिरड्यांवरून फिरवायची असते, वरून एकदा, खालून एकदा, कारण हिरड्या आणि दात यांच्यामधून पाझरणाऱ्या द्रवात रक्तातल्या अँटिबॉडी थोड्या प्रमाणात उतरतात. प्रमाण रक्ताच्या मानाने खूपच कमी. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात नितिका पंत पै आणि सहकाऱ्यांनी ओराक्विक या अशाच किटची चाचणी करून पाहिली होती, २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथले निकाल उत्तम होते आणि लोकांनाही सुईपेक्षा काडी आवडली. पुढे २०१२ साली त्यांनीच जगभरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा तोंडाच्या नमुन्यावर संवेदनशीलता (खरे पॉझिटिव्ह पकडण्याचं प्रमाण) ९८ टक्क्यांच्या आसपास आणि बोटाच्या रक्तावर ९९.७ च्या आसपास निघाली. म्हणजे खऱ्या शंभर पॉझिटिव्ह माणसांमागे दोन सुटतात, तर बोटाच्या रक्तावर हजारांमागे तीन. आणि हे प्रशिक्षित हातांचं. २०१२ मध्येच अमेरिकेत हीच किट घरी वापरायला मंजूर झाली, तेव्हा सामान्य माणसाने स्वतः केल्यावर संवेदनशीलता ९२ टक्क्यांच्या जवळपास आली होती. पॉझिटिव्ह दाखवण्यात ती फारशी चुकत नाही, निगेटिव्ह दाखवण्यात चुकते, आणि तुम्हाला हवा आहे तो निगेटिव्हचाच भरवसा. ज्यांना दवाखान्यात जायचंच नाही, त्यांच्यासाठी घरची टेस्ट काहीच न करण्यापेक्षा नक्की बरी. तुम्ही मात्र शिबिरात जाऊन आलात, रक्त दिलंत. आता मागे यायची गरज नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: प्लाझ्मा किंवा सीरम सगळ्यात वर, बोटाचं होल ब्लड त्याच्या अगदी मागे, तोंडाचा नमुना बराच खाली, हे अंतर जुन्या संसर्गात जवळजवळ मिटतं, पहिल्या आठवड्यांत आणि औषधांवर असलेल्यांत रुंद होतं, आणि खराब हाताळणी कुठल्याही नमुन्याला खाली ओढते.

समजा उलटं झालं असतं, बोटाच्या रक्तावर रेघ आली असती, तर? तेही सांगते, कारण हे वाचणाऱ्या कोणाची तरी आली असेल. एकाच रॅपिडवर कोणालाही पॉझिटिव्ह म्हणायचं नसतं. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. एक लाख लोक तपासले तर खरे पॉझिटिव्ह दोनशे. किटची विशिष्टता, म्हणजे निगेटिव्ह माणसाला निगेटिव्हच दाखवण्याचं प्रमाण, ९९.५ टक्के धरली, जी चांगलीच म्हणायची, तरी उरलेल्या ९९,८०० निगेटिव्ह लोकांत ४९९ जणांना खोटी रेघ येईल. म्हणजे सरसकट लोकांत पहिली रेघ आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना काही झालेलं नसतं. म्हणून नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) पद्धतीत उपकेंद्रावर किंवा शिबिरात बोटाच्या रक्तावर एकच टेस्ट करतात, ती फक्त चाळणी. रेघ आली की आयसीटीसीत पाठवतात, तिथे शिरेतून रक्त घेऊन वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन किटवर तपासतात, आणि तिन्ही रिअॅक्टिव्ह असतील तरच पॉझिटिव्ह. जमलं नाही, दोन रिअॅक्टिव्ह आल्या आणि एक नाही, तर अनिश्चित लिहून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. या पुन्हा बोलावण्याने माणूस खचतो हे मी रोज बघते, पण त्या दोन आठवड्यांत अँटिबॉडी खऱ्या असतील तर रेघा गडद होतात, खोट्या असतील तर तशाच राहतात किंवा जातात. तेवढं थांबण्याला पर्याय नाही. पुसट रेघ ही रेघच असते, एवढं मात्र पक्कं धरा. "फिकट आहे म्हणजे निगेटिव्ह" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता तुमचं. साडेचार आठवडे म्हणजे एकतीस-बत्तीस दिवस. त्या दिवशी बोटाच्या रक्तावरची नॉन-रिअॅक्टिव्ह टेस्ट चांगली बातमी आहे. संसर्ग झालेल्यांपैकी बऱ्याच जणांत एव्हाना रेघ दिसू लागते. पण तिने विषय मिटला असं मी म्हणणार नाही. लॅबवाल्याकडे जाऊन आजच सीरमवर दुसरी रॅपिड करण्यात पैसे घालू नका. फोर्थ जनरेशनची टेस्ट, शिरेच्या रक्तावर, संबंधाच्या दिवसापासून ४५ दिवस भरल्यावर करा. ती निगेटिव्ह आली तर मी तुम्हाला शांतपणे झोपा म्हणेन. ती परवडत नसेल किंवा जवळ नसेल, तर ९० दिवस भरल्यावर आयसीटीसीत जा. तिथे टेस्ट फुकट होते आणि समुपदेशकही असतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक केलीत, त्यामुळे आधार कार्डावरून गावभर होईल ही भीती नको. पत्ता माहीत नसेल तर १०९७ वर फोन लावा.

हे सगळं काही गोष्टींवर बदलतं, म्हणून त्या तुम्ही स्वतःशी तपासा. संबंधानंतर लगेच संसर्ग टाळण्यासाठीच्या पीईपीच्या गोळ्या घेतल्या असतील, तर दिवस त्या गोळ्या संपल्यापासून मोजायचे. मधल्या काळात पुन्हा धोका आला असेल, तर शेवटच्या दिवसापासून. संबंधानंतर दोन-चार आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, घसा, मानेत गाठी असं काही झालं असेल, तर ४५ दिवसांची वाट बघू नका, आत्ताच डॉक्टरांना भेटून फोर्थ जनरेशन आणि गरज पडली तर विषाणूची थेट तपासणी करून घ्या. ही लक्षणं साध्या व्हायरल तापातही होतात, म्हणून ती आली म्हणजे झालंच असं नाही. निकाल लागेपर्यंत कंडोम वापरा. आणि रक्तदान शिबिरात जाऊन "तिथे तपासतातच की" हा मार्ग कृपा करून धरू नका. याच आठवड्यांतलं रक्त पेढीच्या चाचणीतून निसटू शकतं आणि ते कुणाच्या तरी अंगात जातं.

पुढे कधी असा धोका आला तर पहिल्या ७२ तासांत सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत किंवा एआरटी केंद्रात जा, जितक्या लवकर तितकं चांगलं. २८ दिवसांच्या पीईपीच्या गोळ्या असतात. आता तुमच्यासाठी ती वेळ निघून गेली आहे, म्हणून त्याचा विचार करत बसू नका.

शिबिरातला कागद जपून ठेवा. त्यावर किटचं नाव, बॅच आणि "होल ब्लड" लिहिलेलं नसेल तर शिबिर घेणाऱ्यांना विचारून स्वतः लिहा, आणि शेजारी संबंधाची तारीखही. पुढच्या टेस्टला गेलात की तो कागद टेबलावर ठेवा. समोर बसलेल्या माणसाला त्या चार नोंदींवरून कुठला नमुना घ्यायचा आणि पुन्हा कधी बोलवायचं हे लगेच ठरवता येतं.